कॉन्व्हेंटमध्ये घातलं की धर्मशिक्षण उरकलं?

जंक्शनवाली

“तुम्ही कॅथलिक असून पोरांना कॉन्व्हेंटमध्ये नाही घातलं?” हा प्रश्न मला चर्चच्या आवारात, रेल्वे कॉलनीत, माहेरच्या लग्नांत, अगदी भाजीबाजारातही विचारला जातो. आमचे लोक विचारतात तेव्हा त्यात थोडा संशय असतो (फी जड जाते का? फादरांशी काही बिनसलंय का?). हिंदू शेजारणी विचारतात तेव्हा हळहळ असते, कारण तिथे प्रवेश मिळवताना त्यांना घाम फुटलेला असतो आणि आम्हाला तो बसल्या जागी मिळाला असता. उत्तरं देऊन देऊन कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहून काढते.

आम्ही भुसावळचे. नवरा लोको पायलट, सासरेही रेल्वेतच होते. माझं माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेसाठी माणूस लोटतो, त्या मुलखातलं. भुसावळात कॅथलिक म्हटलं की जुन्या लोकांना अजून गोवेकर आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्ड आठवतात. त्यांची पुढची पिढी बरीचशी बाहेर पडली. आता रविवारी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) बाकांवर पाहिलं तर नगरकडून आलेली आमच्यासारखी घरं, रेल्वेतले तमिळ-मल्याळी, सातपुड्यातून शिक्षणाला-नोकरीला उतरलेली पोरं. अख्खा खान्देश नाशिक धर्मप्रांतात येतो, म्हणजे बिशप नाशिकला. धर्मप्रांत पसरलेला आणि आम्ही त्यात विखुरलेले, मूठ-मूठभर.

मुलं दोन. थोरली सातवीत, धाकटा तिसरीत. दोघंही घरून चालत जाता येईल अशा मराठी शाळेत, सेमी इंग्रजीच्या तुकडीत. हे ठरवताना आमच्या घरात बरीच खडाजंगी झाली. सासूबाईंचं म्हणणं साधं होतं: “सिस्टरांच्या हाताखाली राहिलं की पोरं आपोआप भक्तिभावाची होतात.” ह्या ‘आपोआप’वरच माझा आक्षेप आहे.

मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकवलंय, लग्नाआधी काही वर्षं, दुसऱ्या जिल्ह्यात. शाळा चांगली होती. शिस्त, स्वच्छता, वाचनालय, नाव ठेवायला जागा नाही. पण धर्मशिक्षणाचं म्हणाल तर वर्गातली कॅथलिक मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कॅटेकिझमचा तास आला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची आणि बाकीची मूल्यशिक्षणाचं पुस्तक काढायची. आठवड्याच्या वेळापत्रकात हा तास कुठे, तर शनिवारी शेवटी. स्नेहसंमेलनाची तालीम आली की पहिला बळी त्याचाच. आणि ह्या तासाच्या भरवशावर आई-बाप घरी निर्धास्त! “शाळेत होतंय की सगळं.” मुलाला दहा आज्ञा ओळीने पाठ, पण बापाने शेवटची रोझरी (जपमाळ) कधी हातात घेतली ते बापालाच आठवत नाही, अशी घरं मी पाहिली आहेत.

बरं, चर्च तरी काय सांगतं? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणावर जाहीरनामा काढला, त्यात मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आई-वडील, असं स्पष्ट आहे. १९८३ च्या चर्च-कायद्यातही तेच. मुलांच्या शरीराची, मनाची, संस्कारांची आणि धर्माची जबाबदारी आधी पालकांवर टाकली आहे. शाळा मदतीला. आमच्याकडे मात्र मदतनीस मालक झाला आहे आणि मालक पालकसभेला येऊन गणिताचे मार्क विचारतो.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. शाळा शाळेसारखी निवडली: अंतर किती, गणिताला कोण आहे, वर्गात पोरं किती कोंबली आहेत, मूल घरी येऊन शाळेबद्दल आपणहून बोलतं का. धर्म घरात ठेवला. मराठीचा मुद्दा होताच. आमची मिस्सा मराठीत, आजीची प्रार्थना मराठीत, मरणाच्या घरी जमून म्हणायच्या प्रार्थना मराठीत. माझी एक भाची इंग्रजीतून फाडफाड सगळ्या प्रार्थना म्हणते, पण रविवारी वाचन सुरू झालं की तिचं लक्ष पंख्याकडे.

आता घरात धर्म ठेवायचा म्हणजे काय, ते ऐकायला जेवढं सात्त्विक वाटतं तेवढं नसतं. नवऱ्याची ड्युटी रविवार जाणत नाही. कधी इगतपुरीकडे, कधी खंडव्याकडे, कधी बडनेऱ्याकडे. रनिंग रूमला झोप काढून परत येईतो घरातला सण शिळा झालेला असतो. ऑक्टोबर रोझरीचा महिना, म्हणून संध्याकाळी साडेसातला बसायचं ठरवलंय. परवाचंच सांगते. चौथं रहस्य (रोझरीत येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग आठवतात, त्यांना रहस्यं म्हणतात) चालू होतं, तेवढ्यात ड्युटीचा कॉल आला. नवरा उठला, ‘नमो मरिया’ म्हणतच बूट चढवायला लागला, मी ‘हे पवित्र मरिये’ म्हणत डबा भरायला. सासूबाईंचे डोळे मिटलेले, त्यांचा सूर ढळला नाही. धाकट्याने मात्र ह्या गडबडीचा फायदा घेऊन तीन मणी एकदम सरकवले आणि मोठ्याने पुढचं रहस्य जाहीर करून टाकलं. थोरलीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तर अशी आमची कौटुंबिक प्रार्थना.

सासूबाईंचं आणखी एक आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये रोझरीत प्रकाशाची रहस्यं घातली, ती गुरुवारी म्हणायची. त्याआधी गुरुवारी आनंदाची असत. सासूबाई अजूनही गुरुवारी आनंदाचीच धरतात. “पोपसाहेबांना काय, माझं पाठांतर झालेलं होतं.” थोरली नियमाची पक्की, ती कॅलेंडर दाखवते. दर गुरुवारी आमच्याकडे हा छोटा धर्मवाद होतो आणि खरं सांगायचं तर पोरांना रोझरीची वीसही रहस्यं ह्या भांडणातूनच पाठ झाली.

धाकट्याचं पहिलं कम्युनियन (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं) पुढच्या वर्षी. त्याआधी पहिलं कन्फेशन. त्याला काळजी ही, की फादरांना सांगायला पुरेशी पापं नसली तर काय करायचं. बहिणीने लगेच यादी करून देण्याची तयारी दाखवली. मी त्याला एवढंच सांगितलं की कोणाचं काय दुखवलं ते आठव, यादी आपोआप होते. दोन दिवसांनी येऊन म्हणतो, “बाबा ड्युटीवरून आले होते तेव्हा मी मुद्दाम टीव्ही मोठा केला होता, ते चालेल?” चालेल, म्हटलं.

शाळेत अडचणी येत नाहीत असं अजिबात नाही. वर्गात ख्रिस्ती एकटीच. “तुम्ही इंग्रज का?”, “तुमच्यात पैसे देऊन ख्रिस्ती करून घेतात ना?”, “तुमच्या नाताळात झाडाची पूजा असते का?” हे थोरलीने दुसरी-तिसरीपासून ऐकलंय. पहिल्यांदा रडत आली. आता उलट विचारते, “इंग्रज असते तर तुझ्या शेजारी बसून मराठीच्या बाईंच्या छड्या खाल्ल्या असत्या का?” शारदोत्सवाला ती सरस्वतीच्या फोटोपुढे रांगेत उभी राहते, आरती म्हणत नाही, बाईंना त्याचं काही वाटत नाही. हे मी बाईंना पहिल्याच वर्षी जाऊन समजावलं होतं, चहा पिता पिता. भांडायला गेले असते तर वेगळं झालं असतं.

मोबाईलवर स्वतंत्र धागा लागेल. तूर्त एवढंच की कार्लो अकुतिस या पंधराव्या वर्षी वारलेल्या, कॉम्प्युटरवेड्या मुलाला ७ सप्टेंबर २०२५ ला संत घोषित केलं, तेव्हापासून धाकटा “संत कार्लोसुद्धा गेम खेळायचा” म्हणून माझ्या डोक्यावर बसला होता. मग मी शोधून काढलं की कार्लो स्वतःला आठवड्याला एकच तास गेमची मुभा देत असे, असं सांगतात. त्या दिवसापासून आमच्या घरात ह्या संताचं नाव निघालेलं नाही.

तुम्ही कसं करता? खान्देशातल्या, विशेषतः एकट्या-दुकट्या घरांतल्या आई-बापांनी लिहा. इतरांनीही लिहा.

लेवा_माहेर

मी ‘त्याच शाळेत प्रवेशासाठी घाम फुटलेल्या’ गोटातली. माहेर यावल तालुक्यातलं, आता भुसावळात. आम्ही पोरीला इंग्रजीसाठी घातलं, दुसरं कारण नाही. ती “अवर फादर” म्हणते आणि तिची आजी शेजारी बसून हरिपाठ म्हणते, कोणाचं कोणाला अडत नाही.

पण मूळ मुद्दा आमच्यालाही लागू आहे हो. आम्ही कुठे काय शिकवतो? सगळं सासूबाईंवर. त्या गेल्या की कानबाईचे (आमच्या खान्देशी देवीच्या नैवेद्याचे) रोट कसे करायचे, सव्वाच्या मापाने दळण कसं घ्यायचं, कोणाला ठाऊक असणार? पोरीला विचारलं तर ती यूट्यूब उघडते.

आणि तुमच्या धाकट्याची ती गोष्ट लिहू का? लिहितेच. मागच्या नाताळात आमचा पोरगा त्याच्याबरोबर चर्चला गेला, रांगेत उभा राहिला आणि फादरांनी त्याला ख्रिस्तप्रसाद न देता डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. दोघंही हिरमुसले. “मला पुढे मिळणार, मग माझ्या मित्राला का नाही?” म्हणून तुमचा माझ्याकडे आला. मी म्हटलं, कानबाईचे रोट मी तुला दिले का रे कधी? नाही. का? कारण ते भाऊबंदकीतच खायचे असतात. बाकी वर्षभर माझ्याच घरी जेवतोस ना? तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

जंक्शनवाली

@लेवा_माहेर, हे मला आजच कळतंय! मी त्याला धर्मसभेची एकी वगैरे दोन दिवस समजावत होते आणि तो “हो, कळलं, रोटासारखं” म्हणून खेळायला पळाला होता. मला वाटलं चपातीचं काहीतरी बोलतोय.

वसईची_पोर

तुमचं लिखाण आवडलं, पण सहमत नाही. आमच्याकडे गल्लीच्या गल्ली कॅथलिक. चर्चला लागून शाळा, शाळेला लागून मैदान. मला श्रद्धा आईपेक्षा जास्त मैत्रिणींनी दिली. गायनमंडळ, नाताळच्या गोठ्यांची स्पर्धा, लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) सगळ्या वर्गाने मिळून शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जाणं. आईने एकटीने हे कसं उभं केलं असतं? मुलाला आपल्यासारखी चार मुलं दिसावी लागतात. तुम्ही थोरलीला वर्गात एकटी ठेवलीत. तेराव्या-चौदाव्या वर्षी मैत्रिणींचं पारडं आईपेक्षा जड होतं, तेव्हा काय?

कॉन्व्हेंटमध्ये पाच कॅथलिक मुली तर पाच. एकापेक्षा बऱ्या.

जंक्शनवाली

ह्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही आणि तो मलाही छळतो. वसईत जे गल्ली करते ते इथे कोणीच करत नाही, म्हणून तर सगळे शाळेकडे बोट दाखवतात. आम्ही एवढं करतो की रविवारी मिस्सा संपली की लगेच घरी पळत नाही. पोरं आवारात तासभर हुंदडतात, कॅटेकिझमचा वर्गही तेव्हाच असतो. सुट्टीत माझ्या माहेरी महिनाभर, तिथे चुलत-मावस मिळून दहा-बारा पोरं. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जातोच. थोरलीला तिथली गर्दी पाहून पहिल्यांदा वाटलं होतं की एवढे सगळे आपल्यातले! (सगळे आपल्यातले नसतात, पण तेव्हा सांगितलं नाही.)

निरीश्वर

मला एक कळत नाही. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत थांबा ना. मग त्याला हवा तो धर्म घेऊ दे, नको असेल तर कुठलाच नको. तिसरीतल्या पोराला पापांची यादी करायला लावणं मला क्रूर वाटतं. विवेकबुद्धी शिकवा, बाकी त्याचं तो बघेल.

जंक्शनवाली

थांबले असते, पण पहिलीच्या प्रवेशअर्जावर धर्माचा रकाना असतो. मी तो कोरा ठेवला तर ऑफिसातला क्लार्क माझं आडनाव बघून भरतो. म्हणजे अठरा वर्षं कोणीच काही लिहिणार नाही असं होत नाही, फक्त आई लिहीत नाही.

आणि टीव्ही मुद्दाम मोठा केल्याने रात्रपाळी करून आलेल्या बापाची झोपमोड होते, हे आठ वर्षांच्या पोराने स्वतः शोधून काढलं. ह्याला तुम्ही विवेकबुद्धीच म्हणाल ना? आमच्याकडे पुढे दृढीकरणाचा संस्कार असतो, तो घेताना मुलाने स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं असतं. थोरली नको म्हणाली तर मी तिला ओढत नेणार नाही. रडेन मात्र.

सातपुडा_गुरुजी

मी धडगावकडे शिक्षक आहे. ख्रिस्ती नाही. तुमचा धागा दोनदा वाचला. “पहिले आणि मुख्य शिक्षक आई-वडील” हे वाक्य रेल्वे कॉलनीत परवडतं ताई.

माझ्या वर्गातल्या अर्ध्याअधिक पोरांचे आई-बाप दिवाळी झाली की गुजरातेत ऊसतोडीला जातात. काही पोरांना बरोबर नेतात, काहींना आजीकडे ठेवतात, काही आश्रमशाळेत, काही मिशनच्या वसतिगृहात. होळीला भेट, मग पुन्हा पसार. पोर घरी पावरी बोलतं, शाळेत मराठी, वसतिगृहात मराठी-हिंदी-इंग्रजीची खिचडी. त्याला वाचायला शिकवलं शाळेने किंवा वसतिगृहाने. प्रार्थना म्हणायला शिकवलं तर तेही त्यांनीच. ताप आला तर डोक्यावर पट्टी ठेवणारी सिस्टर. तुम्ही मदतनीस मालक झाला म्हणता, पण मालक उसाच्या फडात कोयता चालवतोय, त्याने काय करावं?

राग मानू नका. पण शाळेवर सगळं टाकणारे सगळेच आळशी नसतात.

जंक्शनवाली

राग कसला गुरुजी. आळशी मी त्यांना म्हणेन ज्यांच्या घरी संध्याकाळी तीन टीव्ही चालू असतात. फडावरच्या बापाला नाही. वसतिगृहातल्या सिस्टरने त्या पोराची आई व्हायला मला हरकत कशी असेल? तिथे ती रात्रीही असते. माझी हरकत शनिवारच्या शेवटच्या तासाला आहे.

पण एक विचारते. होळीला आई-बाप येतात तेव्हा ते पोर त्यांच्याबरोबर काय करतं? म्हणजे त्यांच्यात मिसळतं का, की वसतिगृहाचं होऊन गेलेलं असतं?

सातपुडा_गुरुजी

दोन्ही पाहिलंय. लहान असतात तोवर होळीला ढोल वाजला की कोणी आवरू शकत नाही. ख्रिस्ती, बिगर-ख्रिस्ती सगळे. आठवी-नववीनंतर काही पोरांना घरच्यांची लाज वाटायला लागते. पावरी बोलत नाहीत. त्यात धर्माचा भाग कमी, शर्ट-पँटचा आणि मोबाईलचा जास्त. सरकारी आश्रमशाळेतल्या पोरांचंही तेच होतं. चांगली वसतिगृहं पोरांना मुद्दाम सुट्टीत घरी धाडतात. मी तर म्हणतो तिथल्या रेक्टरची परीक्षा यावरच घ्यावी.

नवापूरकर

आम्ही प्रोटेस्टंट, मावची आदिवासी. आमच्याकडे संडे स्कूल असतं आणि ते शाळेशी बांधलेलं नाही, त्यामुळे ‘शाळेत होतंय की’ म्हणायची सोयच नाही. आईने आणि मंडळीने (चर्चच्या लोकांनी) मिळून करायचं. ह्या बाबतीत तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

असहमत इथे: सरस्वतीपुढे रांगेत उभं राहायचं पण आरती म्हणायची नाही, हे तळ्यात-मळ्यात झालं. आणि शेजाऱ्यांच्या गणपतीच्या प्रसादाचं काय करता? आमच्या घरात घेत नाही. नम्रपणे नाही म्हणतो. पोरांना एक सरळ रेघ द्यावी, मोठेपणी वाकडी करायची तर त्यांची ती करतील.

जंक्शनवाली

मोदक खातो. :) संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आठव्या अध्यायात हाच प्रश्न आहे. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खावं का? तो म्हणतो, मूर्ती म्हणजे काही नाही हे आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे अन्नाने काही बिघडत नाही; पण तुझं खाणं पाहून एखाद्या कच्च्या मनाच्या भावाचा पाय घसरत असेल तर खाऊ नको. म्हणजे पौल मोदकाकडे बघत नाही, शेजारी बसलेल्याकडे बघतो. माझ्या सासूबाईंना त्रास होतो म्हणून त्यांच्यासमोर आम्ही खात नाही, जिन्यात खातो.

सरळ रेघ मलाही आवडली असती. पण पोरं दिवसाचे सहा तास अशा जगात असतात जिथे ती एकटीच ख्रिस्ती आहेत. रेघ इतकी सरळ ओढली की ती त्यांच्या आणि वर्गाच्या मधून जाते.

नवापूरकर

त्याच अध्यायाचा शेवट वाचा. अन्नाने भावाला अडखळण होत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असं पौल म्हणतो. जिन्यात खाईन असं नाही म्हणत. :) असो. नवापूरला आलात तर घरी या.

धुळे_वकील

दोन-तीन गोष्टी स्पष्ट करतो, कारण अशा धाग्यांवर ऐकीव माहिती फार फिरते.

राज्यघटनेचं कलम २८(३): सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान (अठरा वर्षांखालचा) असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासनेला बसवता येत नाही. कॉन्व्हेंटमध्ये कॅटेकिझमला फक्त कॅथलिक मुलं वेगळी बसतात त्यामागे हे आहे. हेच कलम तुमच्या मुलीलाही लागू आहे. पण तुम्ही चहाने काम भागवलंत ते उत्तम, कलमं शेवटी काढायची असतात.

अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा हक्क कलम ३० मध्ये. शिक्षणहक्क कायद्याचं २५ टक्के राखीव जागांचं कलम अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल. त्यामुळे गरीब बिगर-ख्रिस्ती मुलाला तिथे ह्या कायद्याखाली जागा मागता येत नाही. ह्यावर माझं मत वेगळं आहे, पण कायदा असा आहे.

शिष्यवृत्ती: केंद्राची अल्पसंख्याक मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून फक्त नववी-दहावीला राहिली. पहिली ते आठवीच्या भरवशावर बसू नका.

आणि नंदुरबारकडे नेहमी विचारतात म्हणून: अनुसूचित जमातीच्या दाखल्याला धर्माची अट नाही, ख्रिस्ती झालं तरी जमात राहते. अनुसूचित जातीचं तसं नाही. १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू, आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्ध, एवढ्यांनाच.

एरंडोलचा_जावई

मी हिंदू, बायको कॅथलिक. चर्चमध्ये परवानगी घेऊन लग्न झालं. तेव्हा तिच्याकडून मुलांना बाप्तिस्मा देण्याबद्दल काहीतरी लिहून घेतलं होतं. आता मुलगी दोन वर्षांची आहे. माझ्या आईचं म्हणणं, सही तू केली नाहीस, मग तुझ्यावर बंधन काय? बायकोचं म्हणणं, मी शब्द दिलाय. दोघी माझ्याकडे बघतात. मी केळीच्या बागेत जाऊन बसतो.

धुळे_वकील

वचन फक्त कॅथलिक जोडीदार देतो: आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करीन. दुसऱ्या जोडीदाराला त्याची कल्पना द्यायची एवढंच. देशाच्या कायद्याने तुमच्यावर त्या कागदाचं बंधन नाही. पण तुमच्या आईचं म्हणणं कायद्याने बरोबर असलं म्हणून घरात चालेलच असं नाही, हे मी फी न घेता सांगतो.

जंक्शनवाली

जावईबापू, बागेतून बाहेर या. “आपल्याकडून होईल ते सगळं” ह्यात नवऱ्याशी मारामारी येत नाही, आणि तिला तिचा शब्द पाळायची वाट मोकळी ठेवण्यात तुमचा धर्म जात नाही. माझ्या माहेरी एक जोडपं आहे, नवरा हिंदू. तो मिस्सेला आत बसत नाही, पण दर रविवारी पोरांचे बूट पुसून त्यांना वेळेवर दारात आणून सोडतो. त्या पोरांची रविवारची मिस्सा चुकत नाही. आमच्या कॉलनीतल्या दोन्हीकडून कॅथलिक असलेल्या कित्येक घरांची चुकते.

आईंचं मात्र ऐका. त्यांना नातीला काय देता येणार नाही असं वाटतंय, ते नीट विचारा. बहुतेक वेळा यादी छोटी असते. जावळ, वाढदिवसाचं औक्षण, गोष्टी. ह्यातल्या कशाला बाप्तिस्मा आड येतो?

एरंडोलचा_जावई

आई म्हणाली, “कानबाईले पोरगी बठाडू द्या, मंग बाकी तुमना तुमी देखा.” एवढीच यादी निघाली.

लेवा_माहेर

घ्या! मुलगी आधी कानबाईपुढे बसणार आणि मग चर्चमध्ये जाणार. @नवापूरकर ह्यांना चक्कर येईल. :)

@जंक्शनवाली, फेब्रुवारीतल्या त्या बाळ येशूच्या यात्रेला आम्ही आलो तर चालतं का? पोरगा मागे लागलाय. आणि गाडीचं कसं करता?

जंक्शनवाली

चालतं म्हणजे काय, रांगेत तुमच्यासारखेच कितीतरी असतात, नवस फेडायला आलेले. तारीख दरवर्षी फेब्रुवारीत शनिवार-रविवार अशी असते, चर्चमध्ये जाहीर झाली की कळवते. रविवारी परतीच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा मिळत नाही. त्यामुळे शुक्रवारी रात्री निघून शनिवारी दर्शन उरकायचं. रिझर्व्हेशन आत्ताच बघा, रेल्वेवाल्याची बायको आहे म्हणून माझ्यावर विसंबू नका, पास आमच्यापुरताच असतो. कळण्याची भाकरी आणि ठेचा तुमच्याकडून, बाकी डबा माझा.